चवड्याखालचे आठ मिलिमीटर: प्रकल्प नोंदी

16 एप्रिल 2025

डॉक्टरांशी आज सविस्तर बोलणं झालं आणि काम हातात घ्यायचं ठरलं: मधुमेह्यांच्या पायांसाठी माप घेऊन थ्रीडी प्रिंट केलेले इनसोल, म्हणजे बुटाच्या आत बसवायचे मऊ थर. कोथरूडच्या गॅरेजमध्ये माझे दोन प्रिंटर आहेत, त्यातला एक मऊ फिलामेंट (प्रिंटरला द्यायचा प्लास्टिकचा धागा) न गुंतवता ओढतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात बुटाच्या आत बसवून दाब मोजायचं यंत्र आहे. एवढ्या भांडवलावर सुरुवात.

मी मशीनवाली, म्हणून पायाचं गणित एकदा लिहून ठेवते. मधुमेहात नसा बधिर होतात, बहुतेकदा बोटांच्या टोकांपासून वर. तपासायला 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवतात. डोळे मिटून तो कळला नाही, तर त्या पायाला राखणदार उरला नाही असं समजायचं. आपल्याला चवड्याखाली दुखलं की आपण नकळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. यांना दुखतच नाही, त्यामुळे रोजची हजारो पावलं त्याच हाडाखाली आपटत राहतात. कातडी जाड होऊन घट्टा बनतो आणि मग तो घट्टाच बुटात शिरलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला टोचत राहतो. जखम त्याच्या खाली तयार होते, वरून काही दिसत नाही. त्यात पायाचे बारीक स्नायू दुबळे होऊन बोटं आकडी वळतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाड जवळजवळ जमिनीला लागतं.

डॉक्टरांची अट स्पष्ट आहे. उघडी जखम असेल तर आपल्या इनसोलचं तिथे काम नाही. तिथे प्लास्टर किंवा रुग्णाला काढता न येणारा बूट लागतो. आपण जखम भरल्यानंतरचे. आणि पाय लाल, गरम, सुजलेला असून दुखत नसेल तर स्कॅन वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी त्यांच्याकडे पाठवायचं. शार्कोचा पाय असू शकतो, आत हाडं ढासळत असतात.

लक्ष्य: मधुमेही पायांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जे आहे तेच. बुटातला कमाल दाब 200 किलोपास्कलच्या खाली, नाहीतर आधीपेक्षा निदान 30 टक्के कमी.

माणसं तीन. नावं नोंदीत नकोत. रिक्षावाले काका (उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जखम होऊन भरलेली), सदाशिव पेठेतले बँकेतून निवृत्त झालेले आजोबा (दोन्ही चवडे), आणि पोळ्या करणाऱ्या मावशी (डावा चवडा, मधल्या बोटांखाली).

20 एप्रिल

मापं घेतली. मोबाइलने थेट तळव्याचं स्कॅन होतं, पण लोंबकळत्या पायाचा आकार आणि भार पडलेल्या पायाचा आकार वेगळा. म्हणून फोमचा डबा. खुर्चीवर बसवून गुडघा आणि घोटा काटकोनात, मग पाय वरून सरळ खाली दाबायचा. दाबणारे हात आपले, पायाच्या मालकाने जोर लावायचा नाही. ठसा उमटला की डब्याचंच स्कॅन. प्लास्टर ओतायची गरज नाही, ओट्यावर पसारा नाही.

आजोबांनी विचारलं, "हे एकदा वापरून टाकायचं? मग धुऊन पुन्हा का नाही वापरत?" हा फोम दाबला की चुरतो, पुन्हा उठत नाही, असं सांगितलं. पटलं नाही.

27 एप्रिल

आठवडाभर फक्त चौकोनी वड्या छापल्या. टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक, दोन कडकपणाचं आणलं, शोअर 95ए आणि 85ए (आकडा कमी तितकं मऊ). आत जाळी जायरॉइड, लाटांसारख्या वळणदार पृष्ठभागाची. अ‍ॅलन शोएन यांनी नासात काम करताना 1970 मध्ये हा पृष्ठभाग मांडला. सरळ रेघ कुठेच नाही, त्यामुळे दाबल्यावर तो सगळ्या दिशांनी जवळपास सारखाच वागतो. चौकटीची जाळी आधी अडून राहते आणि मग एकदम कोसळते. पायाखाली ते नको.

चाचणीचं यंत्र म्हणजे बैठ्या ड्रिलच्या दांड्याने दाब, खाली वजनकाटा, बाजूला डायल गेज. त्यातून निघालं ते असं. 95ए ची जाळी कितीही विरळ केली तरी चवड्याखाली टणकच लागते. 85ए फार विरळ केलं तर थोड्या वजनाला मऊ आणि मग सगळी जाळी एकमेकांवर बसून खाली जमीन. "मऊ म्हणजे चांगलं" हे गिऱ्हाइकाचं मत झालं. तळव्याला हवी असते खोली: दाबल्यावर किती अंतर जाता येतं आणि शेवटी काही उरतं का.

सध्याचं ठरलेलं: 85ए, 0.6 चं नोझल, 225 अंश, वेग 25 मिलिमीटर प्रति सेकंद. टाच आणि कमान दाट, चवडा विरळ, ज्या हाडाखाली जखम होती तिथे आणखी विरळ आणि वरून उथळ खळगा. स्लायसरमध्ये (आराखड्याचे थर पाडून प्रिंटरला देणारा प्रोग्रॅम) वेगवेगळ्या भागांवर ठोकळे ठेवून प्रत्येकाला वेगळी घनता देता येते. हाताने फोम घासून हे जमत नाही. प्रिंट करण्याचं माझ्या मते एवढंच समर्थन आहे. बाकी सगळं चांगला कारागीर हाताने करतो आणि लवकर करतो.

3 मे

बोटाने चाचपून पाहिलं. वरचा थर उघडी जाळीच ठेवली तर कडा कातडीवर उमटतात. ज्या पायाला कळत नाही त्याच्याखाली हे चालणार नाही. वर आवरण हवंच.

10 मे

आवरणासाठी मंडईमागच्या चप्पलवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे शीटची चळत असते. प्लास्टाझोट म्हणजे बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम. पायाच्या उष्णतेने आणि वजनाने तो तळव्याचा आकार घेतो. पण काही आठवड्यांत चपटा होतो आणि उठत नाही. वर 3 मिलिमीटर प्लास्टाझोट, खाली प्रिंट केलेला 8 मिलिमीटरचा गाभा असं जमवलं. आवरण थकलं की तेवढंच बदलायचं.

काकांनी एमसीआरचं शीट काढून दाखवलं. "ताई, एवढा खटाटोप कशाला? हे घ्या. सरकारी दवाखान्याच्या चपला मी याच्याच करायचो." एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करत होते. बोटं झडतात ती रोगाने नव्हे, बधिर पायावर पडणाऱ्या दाबाने आणि जखमांनी, हे त्यांनी ठासून मांडलं आणि मऊ रबराच्या तळाच्या चपला करून घेतल्या. 1966 मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि तिथे तोच विचार मधुमेही पायांना लागू झाला. म्हणजे आपण जे करतोय त्याचा पाया तमिळनाडूत घातलेला आहे, आणि मी मात्र त्याबद्दलचं सगळं परदेशी लेखांतून वाचत होते.

एमसीआर आजही उत्तम आणि स्वस्त. अडचण दुसरीकडे आहे. आजोबांना ती काळी चप्पल दाखवली तर ते म्हणाले, "ही घालून मी लक्ष्मी रोडवर जायचं? लोक काय समजतील?" त्यांना ती ओळखीची होती, त्यांच्या पिढीत सगळ्यांनाच ओळखीची असेल. कुष्ठरोग बरा होतो, चपलेला चिकटलेलं नाव जात नाही. आपलं आवरण तपकिरी.

18 मे

रिक्षावाल्या काकांची जोडी बसवली. पहिला घोळ बुटाचा. 11 मिलिमीटरचा थर आत गेला की वर बोटांना जागा उरत नाही आणि बोटांच्या गाठी घासतात. तळव्याची जखम टाळून बोटावर जखम करायची नाही. डॉक्टरांनी जास्त खोलीचा बूट लिहून दिला, त्यात बसलं. पहिल्या दिवशी एक तास, मग मोजे काढून पाय बघायचा, दुसऱ्या दिवशी दोन तास. ही शिस्त नवीन इनसोलला सगळ्यांसाठी.

चालताना दाब उतरला. आलेखावर अंगठ्याच्या मुळाशी लाल होतं तिथे पिवळं आलं. खरी मदत चवड्याच्या मागे लावलेल्या छोट्या उंचवट्याने झाली. हाडांच्या टोकांपासून 5 ते 10 मिलिमीटर मागे ठेवला तर तो भार स्वतःवर घेतो. पुढे सरकला तर उलट त्या हाडांवरच दाब वाढतो. फोमच्या डब्यातल्या ठशावर हाडं कुठे आहेत ते नीट दिसत नाही, म्हणून तळव्याला लिपस्टिकने खुणा करून कागदावर उभं केलं. लिपस्टिक डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टची. काका लाजून लाल.

मग काका म्हणाले, "ताई, मी चालतो कुठे? मी बसतो." ते खरंच. रिक्षात क्लच आणि गिअर डाव्या हातात, ब्रेक उजव्या पायात. त्यांच्याच रिक्षात स्वारगेटहून नळ स्टॉपपर्यंत आले आणि वाकून पाय बघत राहिले. दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्यांचा चवडा ब्रेकवर तसाच दाबून धरलेला, सिग्नल सुटेपर्यंत. चालताना दाब जास्त असतो पण क्षणभर. इथे कमी असेल, पण सुटत नाही, आणि दाबलेल्या मांसात तेवढा वेळ रक्त पोचत नाही. ब्रेकचा लोखंडी पॅडल अरुंद आणि बरोबर जुन्या जखमेखाली.

संध्याकाळी पॅडलवर बसणारी रुंद टोपी छापली, 95ए ची, खालून खाचेत घट्ट बसणारी, वर खरबरीत. इनसोलपेक्षा हिचा फायदा जास्त होईल असा माझा अंदाज. शिवाय उभं राहताना हँडब्रेक ओढायची सवय लावून घ्यायला सांगितलं. काका म्हणाले, "बघतो."

25 मे

इनसोल किती वेळ पायात असतो ते कळायला हवं. परदेशी अभ्यासांत इनसोलमध्ये तापमानाची बारीक गुंडी ठेवतात. पाय आत असला की तापमान चढतं, काढला की उतरतं. तशीच ठेवली.

आलेख आला. आजोबा रोज दुपारी दोन ते पाच बूट घालून असतात! सदाशिव पेठेत, दुपारी. फोन करून विचारलं तर ते म्हणाले, "अहो, त्या वेळी मी झोपलेला असतो." बुटांचं कपाट गॅलरीत, पश्चिमेचं ऊन थेट त्यावर. मे महिन्यातल्या पुण्यात रिकामा बूट आणि पाय घातलेला बूट यांत गुंडीला फरक कळत नाही. ही पद्धत थंड देशांची. गुंडीऐवजी हालचाल मोजणारी चिप कमानीखालच्या पोकळीत बसवते, आणि तशीच दुसरी घोट्याला पट्ट्यात. घोट्याची पावलं एकूण, इनसोलची पावलं बूट घातलेली.

9 जून

दोन्ही चिपांच्या नोंदी जुळवल्या. आता इथे नीट लिहायला हवं, कारण कामाची दिशाच बदलणार.

आजोबा सकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात, तेव्हा इनसोल पायात. घरी आले की बूट दाराबाहेर. त्यानंतर दिवसभर फरशीवर अनवाणी, आणि निम्म्याहून जास्त पावलं तिथेच पडतात. काकांचं बरं, ते घरी फार नसतातच. मावशींच्या नोंदीत तर इनसोलने फक्त एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचा रस्ता मोजलाय. त्या घरांमध्ये, ओट्यापाशी तासन् तास, पायात काही नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून कोण जाईल? आपण तरी येऊ देऊ का?

नेदरलँड्समधला 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच विषयावर आहे. दाब मोजून सुधारलेल्या खास बुटांनी, नेहमीच्या खास बुटांच्या तुलनेत, जखम परत येण्याचं प्रमाण सगळे रुग्ण धरले तर 44.2 टक्क्यांवरून 38.8 वर आलं, म्हणजे फार काही नाही. पण ज्यांनी 80 टक्के किंवा जास्त पावलं तो बूट घालून टाकली, त्यांच्यात 47.8 वरून 25.7. आणि त्या अभ्यासातल्या काहींच्या पायांत चिप बसवून पाहिलं तेव्हा बाहेर 87 टक्के पावलं बुटात, घरात 61 टक्के. हे अशा देशात, जिथे घरात बूट घातला म्हणून कोणी भुवई उंचावत नाही. आपल्याकडे घरातला आकडा शून्याच्या आसपास.

मी इतके दिवस चवड्याखालची घनता 12 टक्के की 14 टक्के यावर डोकं लावत होते. डॉक्टर म्हणाले, "उंबऱ्याच्या आतलं काहीतरी बनव." बरोबर आहे. बुटाचं इनसोल चालू राहील, पण गाभा आता घरातल्या चपलेत जायला हवा.

21 जून

पालख्या कालच पुण्यात आल्या. भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिराच्या परिसरात डॉक्टरांच्या ओळखीच्यांनी पाय तपासायचं शिबिर लावलंय, मी दोरा टेकवायला. रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे बसलेले, त्यांच्याकडे आमच्याहून मोठी रांग.

एक वारकरी बाबा, मधुमेह असलेले, रबरी चप्पल. तळ उलटून पाहिला तर बाभळीचा काटा आरपार, टाचेला रक्त. कधी घुसला ते त्यांना माहीत नाही. "माउली, चालतंय की," म्हणाले. डॉक्टरांनी काटा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि पुढचा टप्पा गाडीतून करा म्हणून विनवलं. उद्या दिवे घाट आहे. ते ऐकतील असं मला वाटत नाही.

कामाची नोंद: नव्या चपलेच्या तळाशी टोचणाऱ्या वस्तू अडवणारा एक टणक थर हवा. फोम आणि जाळी दोन्हीतून काटा सहज जातो. घरातही तुटलेली काच, खिळा, टाचणी असतेच.

26 जून

मावशींबरोबर त्यांच्या कामाच्या घरांमध्ये गेले. त्या आधी नकोच म्हणत होत्या. "माझ्या पायाचं लोकांना सांगायचं नाही, कामं जातील." म्हणून उभं राहून पाठ दुखते असं सांगायचं ठरलं. खोटंही नाही.

एका घरातल्या काकू लगेच हो म्हणाल्या, फक्त बाहेरची चप्पल वाटायला नको, पांढरी असली तर बरी. दुसरीकडे "धुतलेली आहे ना रोज?" एवढाच प्रश्न. एका घरात मात्र देवघर स्वयंपाकघरातच आहे, तिथे नाही म्हणाल्या, आणि तेही समजण्यासारखं. तिथे ओट्यापुढे जाड ईव्हीए फोमची मॅट टाकू. अनवाणी उभं राहिलं तरी फरशीपेक्षा बरं.

मावशींच्या पायाजवळ खाली बघत बसले होते. पोळी लाटताना त्या डाव्या पायावर झुकतात, तव्याकडे वळताना डाव्या चवड्यावर फिरतात. पाय उचलतच नाहीत, जागेवर पिळतात. हा घासण्याचा ताण दाबाच्या यंत्राला दिसत नाही. घट्टा नेमका तिथेच आहे.

3 जुलै, गुरुवार

गुरुवारी वीज जाते हे माहीत असून सकाळी मोठं प्रिंट लावलं होतं. गेली. प्रिंटर थांबला तिथून पुढे चालू झाला, पण त्या थरावर एक कडा उठलीय. फुलदाणी असती तर चाललं असतं. जोडी बाद.

पावसाळी हवेत टीपीयू पाणी ओढतं. नोझलमधून चटचट आवाज, धाग्यात फेस, जाळीत केसांसारख्या तारा. रीळ 55 अंशांवर सहा तास वाळवायचं आणि वाळवणीच्या डब्यातूनच थेट प्रिंटरला द्यायचं, उघडं ठेवायचं नाही.

19 जुलै

घरातल्या चपलेचा आराखडा.

अंगठा नको. कोल्हापुरी असो की साधी स्लीपर, बोटांच्या बेचक्यातली पट्टी बधिर पायाला घासते आणि ती धरून ठेवायला बोटं आकडी वळवावी लागतात. मागे पट्टा हवाच. डॉक्टर नव्या रुग्णाला विचारतात, "चालता चालता चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का?" बरेच जण हो म्हणतात. मावशींची निसटलीय, रस्त्यात, मागून येणाऱ्या मुलीने हाक मारली म्हणून कळलं.

पुढे बोटांवर कापडी झाकण. उकळतं तेल, निसटलेली सांडशी. बाजूची भिंत बंद, कारण पहिल्या नमुन्यात जाळीच्या भोकांत कणीक आणि पीठ गेलं आणि रात्रीत मुंग्या लागल्या. हे कुठल्या लेखात वाचायला मिळालं नसतं. आता दोन भिंती, तळाशी बारीक छिद्र, धुतलं की पाणी निथळतं.

थर खालून वर: खरबरीत रबर, पातळ टणक शीट, जायरॉइडचा गाभा, प्लास्टाझोट, आणि वर गुळगुळीत, धुता येणारं कापड. कापड गुळगुळीत ते पिळण्यासाठी. पाय वळेल तेव्हा कातडी ओढली न जाता मोजा कापडावरून सरकायला हवा.

8 ऑगस्ट

टीपीयूचा तळ ओल्या फरशीवर घसरतो. रबराचं शीट लावलं, ते चप्पलवाल्या काकांच्या नेहमीच्या सोल्यूशनने टीपीयूला धरत नाही, दोन दिवसांत कडेने सुटलं. काकांनी पीयूचं (पॉलियुरेथेनचं) सोल्यूशन काढलं, दोन्ही बाजू घासल्या, कोरडं होईपर्यंत थांबले, मग हिटर दाखवून दाबलं. "घाई केली की सुटणारच." आता ओढून निघत नाही. मजुरी घ्यायला तयार नव्हते, बळेच दिली.

मावशींची जोडी पांढरी, आजोबांची राखाडी. आजोबा म्हणाले, "घरात चप्पल म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचे संस्कार गेले." आजींनी वरचढ उत्तर दिलं, "संस्कार राहिले आणि पाय गेला तर?" घालतायत.

दाब मोजला. मावशींचा डावा चवडा या चपलेत 200 च्या खाली आला. अनवाणी तो कितीतरी वर होता. आजोबांचा उजवा अजून थोडा वर, खळगा रुंद करायला हवा.

31 ऑगस्ट

तिघांकडे कपाळावर धरायचा थर्मामीटर दिला आहे. रोज सकाळी दोन्ही तळव्यांच्या त्याच त्याच जागा मोजायच्या, अंगठा, चवड्याची तीन ठिकाणं, मधला भाग, टाच. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा 2.2 अंश सेल्सियसने गरम निघाली आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर चालणं कमी करून डॉक्टर गाठायचे. कातडी फुटायच्या आधी आतलं मांस सुजून तापतं, त्यावर हा भरवसा.

आज काकांचा फोन. काल आणि आज, उजवा अंगठ्याच्या मुळाशी गरम. गणपती सुरू झाल्यापासून ते मंडळात असतात, मांडवात अनवाणीच. दुपारी गेलो. घट्टा पुन्हा जाड झालेला, खाली कातडी लालसर, पण फुटलेली नाही. डॉक्टरांनी घट्टा तासला, रिक्षा आठवडाभर बंद म्हणाले. काका म्हणाले, "सीझन आहे, डॉक्टर." शेवटी पुतण्या रिक्षा चालवणार आणि काका मांडवात खुर्चीवर बसून पावत्या फाडणार, यावर तोडगा निघाला.

थर्मामीटर या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू. कुणी मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर प्रिंटर सोडून हा उचलेन.

20 सप्टेंबर

परवापासून नवरात्र. मावशींनी सहज सांगितलं, "नऊ दिवस पायात काही घालत नाही मी. लग्न झाल्यापासूनचं आहे." डॉक्टर अर्धा तास समजावत होते. त्या मान हलवत होत्या, म्हणजे ऐकतायत, मानत नाहीत. मी मध्ये पडले नाही. मला सांगायला तोंडही नाही, माझी आई हेच करते.

निघताना त्यांनीच विचारलं, "ताई, यात चामडं आहे का?" नाही, सगळं रबर, कापड, प्लास्टिक. "मग ती डॉक्टरांची पट्टीच झाली. पायाला पट्टी बांधली असली तर देवी काय सोडून ये म्हणते का?" घरात आणि कामावर घालणार, चतुःशृंगीला जाताना नाही, असा त्यांचा त्यांनीच निवाडा केला. डॉक्टरांनी मंदिराची वेळ तेवढी बदलून घेतली: पहाटे जायचं, दुपारच्या तापलेल्या फरशीवर नाही, आणि आल्यावर लगेच पाय धुऊन, पुसून, आरशात तळवा बघायचा.

4 ऑक्टोबर

दसरा झाला. मावशींचे पाय पाहिले. एक खरचटलेलं, टाचेच्या कडेला, भरत आलंय. चवडा चांगला. नऊ दिवसांच्या चिपच्या नोंदी जूनच्या तुलनेत ओळखू येत नाहीत, घरातली बहुतेक पावलं चपलेत. बाहेरची मात्र त्या दिवसांत अनवाणी. म्हणजे चित्र बरोबर उलटं झालं.

आजोबांच्या आवरणाचा चवड्याखालचा भाग चपटा झालाय, बदलला. गाभा काढून पुन्हा ड्रिलखाली दाबला तर जवळपास पहिल्यासारखाच वागतो. प्लास्टाझोट दर दोन-तीन महिन्यांनी, गाभा निदान वर्षभर, असं आत्ता धरून चाललेय. वर्ष झाल्याशिवाय नक्की बोलता येणार नाही.

12 ऑक्टोबर

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. मावशी आता पोळ्यांनंतर चकल्या आणि शंकरपाळ्यांसाठी दोन-तीन तास जास्त उभ्या राहणार, तेही तळणापाशी. एकाच जोडीवर भागणार नाही. संध्याकाळी धुतलेली सकाळपर्यंत वाळत नाही आणि ओल्या चपलेत पाय घालायचा नाही. दुसरी जोडी आज रात्री लावतेय, रीळ दुपारपासून वाळवणीत आहे. डाव्या चवड्याची घनता तीच, चवड्यामागचा उंचवटा दोन मिलिमीटर मागे, कारण परवाच्या मोजणीत त्याची पुढची कड तिसऱ्या हाडाला लागत होती. बोटांवरच्या झाकणाला या वेळी जाड कापड, तेल उडेल म्हणून.

काकांच्या ब्रेकची टोपी झिजली, नवी हवी. त्यांच्या स्टँडवरचे आणखी दोघे विचारत होते, दोघांनाही मधुमेह. आधी डॉक्टरांकडे दोऱ्याची तपासणी, मग टोपी, असं सांगून पाठवलंय.